एकाचे दोन दिसायला लागले तर आधी चष्मेवाला की आधी डॉक्टर?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या घरी झालेला प्रकार लिहितो. त्यात आमचे पाच दिवस आणि एक चष्मा फुकट गेला.

बाबा ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, मधुमेह १४ वर्षांपासून. एका रविवारी बाजारातून आले आणि म्हणाले, "स्टँडवर आज कोरेगावच्या दोन गाड्या शेजारी शेजारी लावल्यात. ड्रायव्हरही दोन्हींत सारखाच दिसतोय." आम्ही हसलो. घरी बसून पेपर मात्र व्यवस्थित वाचत होते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

सोमवारी चष्म्याच्या दुकानात नेलं. नंबर थोडा बदललाय म्हणाले. २,८०० रुपयांचा नवा चष्मा आला आणि त्यातूनही दोन. शेजारच्या काकूंनी "डोळ्यावरून वारं गेलं" असं निदान केलं. बुधवारी आई वैतागून म्हणाली, "टीव्ही बघताना तोंड त्या खिडकीकडे का? माझ्यावर रुसलाय का?" बाबा चेहरा डावीकडे वळवून कोपऱ्यातून टीव्ही बघत होते. त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही नव्हतं.

शुक्रवारी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बोट समोर धरून उजवीकडे नेलं, दोन्ही डोळे गेले. डावीकडे नेलं तर डावा डोळा मध्यावर येऊन थबकला. दार अडकावं तसा. म्हणाले, सहावी नस. साखर २८४ निघाली.

आता बरं चाललंय, त्याबद्दल नंतर लिहीन. प्रश्न असा, की आपल्यासारख्या माणसाने घरी नेमकं काय बघायचं? आणि कुठलं लक्षण "सोमवारी दाखवू" आणि कुठलं "आत्ता रिक्षा बोलाव"?

तांबडा_पांढरा

कोरेगावच्या दोन गाड्या दिसून एकीतही बसायला जागा मिळाली नसणार. हलकेच घ्या. बाबांना लवकर आराम पडो.

काजळरेघ

मी नेत्रतज्ज्ञ आहे. इथे कुणावर उपचार करत नाही, तरी धाग्याचा प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहिते.

एकाचे दोन दिसतात असं कुणी म्हणालं की पहिली गोष्ट म्हणजे एक डोळा तळहाताने झाका. मग दुसरा. कुठलाही एक झाकला की दोनाचं एक होतंय? तर दोन्ही डोळे एका रेषेत नाहीत. स्नायू, नस किंवा मेंदू यांपैकी कुठेतरी गडबड आहे. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोनच दिसतात? मग त्या डोळ्यातच काहीतरी आहे, बहुतेक वेळा मोतीबिंदू किंवा नंबर. तिथे चष्मेवाल्याचं काम असू शकतं. या एका चाचणीला पाच सेकंद लागतात आणि ती केली असती तर तुमचे २,८०० वाचले असते.

आता नसा. प्रत्येक डोळा हलवायला सहा स्नायू, आणि त्यांना हुकूम देणाऱ्या तीन नसा: तिसरी, चौथी, सहावी. सहावीकडे एकच स्नायू, डोळा बाहेर कानाकडे नेणारा. चौथीकडेही एकच. बाकी सगळा संसार तिसरीचा. डोळा आत, वर, खाली नेणं, पापणी उचलणं, बाहुली लहान करणं, सगळं तिच्याकडे.

तुमच्या बाबांची गोष्ट सहावीची अगदी पाठ्यपुस्तकातली आहे. जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळतात, तिथे बाहेर नेणाऱ्या स्नायूची गरज नसते, म्हणून पेपर नीट वाचता येतो. लांबच्या गाडीकडे बघताना डोळे समांतर लागतात, तिथे दोन दिसतात, आणि ती दोन चित्रं शेजारी शेजारी असतात, वरखाली नाहीत. चेहरा डावीकडे वळवला की डावा डोळा आपोआप नाकाकडे राहतो, म्हणजे अडलेल्या बाजूला जावंच लागत नाही. आईंनी रुसवा म्हणून जे पकडलं ते खरं तर निदान होतं.

चौकसबुद्धी

काजळरेघ, छान माहिती. एक शंका. "नस" हा शब्द आपण शिरेलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. "नस दबली" यात मज्जातंतू, "नस कापली" यात रक्तवाहिनी. मग "सहावी नस" ऐकून सामान्य माणूस रक्तवाहिनी समजणार. मज्जातंतू किंवा चेता म्हणावं असं सुचवतो.

तांबडा_पांढरा

दवाखान्यात जाऊन "माझी सहावी चेता" म्हणा, कंपाउंडर तुम्हाला सातव्या मजल्यावर मानसोपचाराला पाठवेल.

काजळरेघ

चौकसबुद्धी, मुद्दा बरोबर आहे. पण पेशंट नस म्हणतात, मीही नस म्हणते. एवढं लक्षात ठेवा की मेंदूतून थेट निघणाऱ्या अशा १२ जोड्या आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. शब्दांचंच म्हणाल तर "बाहुली" आणि "बुबुळ" यांतला फरक जास्त महत्त्वाचा. मधलं काळं गोल भोक म्हणजे बाहुली. फोनवर "बुबुळ मोठं झालंय" असं सांगितलं की मला काहीच कळत नाही.

सोनटक्का_८१

माझ्या मेव्हण्यालाही हेच झालं होतं. सकाळी उठला तर तोंड एका बाजूला वाकडं, डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी बाहेर. दोन महिन्यांत बरा झाला. घाबरू नका.

काजळरेघ

सोनटक्का, ते वेगळं. ती सातवी नस, चेहऱ्याची. तिथे डोळा मिटत नाही. तिसरी गेली तर डोळा उघडत नाही, पापणी शटरसारखी खाली येते. आम्हाला शिकताना सांगायचे, रोमन तीन म्हणजे तीन खांब, पापणी उचलून धरणारे. इंग्रजी सात म्हणजे आकडी, पापणी खाली ओढणारी. सातवीत डोळा उघडा राहून कोरडा पडतो, रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने बंद करावी लागते. त्यातही हात-पाय जड, बोलणं अडखळतंय, किंवा कपाळावर आठ्या नीट पडतायत आणि फक्त तोंडच वाकडं, असं असेल तर मेंदूचा झटका समजून धावायचं.

संत्रानगरी

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्या आत्याची गोष्ट. वय ५२, ना शुगर, ना बीपीची गोळी. दिवाळीच्या आधी तीन दिवस डोकं दुखत होतं, उजव्या डोळ्यामागे. फराळाची दगदग म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. चौथ्या दिवशी चकल्या तळताना उजवी पापणी खाली आली. बोटाने उचलून बघितली तर डोळा बाहेर आणि खाली गेलेला. माझी बहीण बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने मोबाइलचा टॉर्च मारला. डावी बाहुली आक्रसली, उजवी मोठीच्या मोठी, हललीच नाही. ती म्हणाली, कढई उतरवा, आत्ताच्या आत्ता निघायचं.

पहिल्या दवाखान्यात "मायग्रेन आहे, इंजेक्शन देतो, उद्या या" म्हणाले. बहीण ऐकेना, अक्षरशः भांडली. दुसऱ्या ठिकाणी सीटी अँजिओ (मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो) केला, मेंदूच्या धमनीवर फुगा निघाला. रात्रीच भरती, दोन दिवसांत तारेची गुंडाळी घालून तो बंद केला. फुटला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.

आत्या आता ठीक आहे. पापणी चार महिन्यांनी वर आली. दरवर्षी चकल्यांच्या वेळेस बहिणीला फोन करते.

माळावरचं_घर

बापरे. काटा आला अंगावर. तुमच्या बहिणीला सलाम.

काजळरेघ

संत्रानगरी, धागाकर्त्याच्या "आत्ता रिक्षा बोलाव" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आत्या आहेत. पापणी पडली + डोळा बाहेर-खाली + बाहुली मोठी, यात डोकेदुखी असो वा नसो, तो दिवसही नाही, तो तास महत्त्वाचा.

बाहुलीला इतकं महत्त्व का, ते सांगते. तिसरी नस उसाच्या कांडीसारखी समजा. बाहुली लहान करणारे तंतू सालीला लागून असतात, डोळा हलवणारे गाभ्यात. फुगा किंवा गाठ बाहेरून दाबते, म्हणजे आधी साल चेपते आणि बाहुली मोठी होते. मधुमेहात नसेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, गाभा उपाशी राहतो, सालीला बाहेरून रक्त मिळत राहतं. म्हणून मधुमेहाच्या तिसरीत पापणी पूर्ण पडलेली, डोळा हलत नाही, आणि बाहुली मात्र बहुधा शाबूत.

दोन इशारे. मधुमेहाच्या प्रकारातही डोळ्याभोवती चांगलंच दुखू शकतं, त्यामुळे दुखण्यावरून फरक करू नका. आणि नस अर्धवटच गेली असेल तर आज नीट दिसणारी बाहुली परवा मोठी होऊ शकते. पहिला आठवडा रोज बघायचं.

वाटसरू_नाशिक

काजळरेघ मॅडमशी थोडा असहमत. मीही डॉक्टर आहे, न्यूरो विभागात काम करतो. "बाहुली ठीक म्हणजे मधुमेह" हे सूत्र लोकांच्या हातात देणं धोक्याचं वाटतं. आता सीटी अँजिओ जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. तिसरी गेली की बाहुली कशीही असो, रक्तवाहिन्यांचा फोटो काढून मोकळं व्हावं. चुकलो तर काही हजार गेले. न काढता चुकलो तर माणूस गेला.

काजळरेघ

तिसरीबद्दल तुमच्याशी भांडण नाही, मीही काढायलाच सांगते. माझं म्हणणं सहावीबद्दल. साठीच्या पुढचा मधुमेही, एकटी सहावी गेलेली, बाकी तपासणी स्वच्छ, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नसेला सूज नाही. त्याला पहिल्याच दिवशी एमआरआय हवाच का? साखर आणि बीपी आटोक्यात आणून लक्ष ठेवलं तर यातले बहुतेक तीन महिन्यांत सुधारतात. सुधारले नाहीत, वाढले, किंवा दुसरी नसही सामील झाली, तर लगेच काढायचा.

वाटसरू_नाशिक

लक्ष कोण ठेवणार? आमच्याकडचा पेशंट दीडशे किलोमीटरवरून येतो. बरं वाटलं की येत नाही, बरं नाही वाटलं तरी येत नाही. मी पहिल्याच भेटीत काढतो. पन्नाशीच्या आतला, कर्करोगाचा इतिहास असलेला किंवा डोकेदुखीवाला असेल तर तुम्हीही काढालच.

काजळरेघ

नक्कीच. आणि पन्नाशीच्या पुढच्याला कानशिलं दुखत असतील, घास चावताना जबडा भरून येत असेल तर ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) त्याच दिवशी. ती कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते, आणि तो आजार दृष्टी घेऊन जातो.

तांबडा_पांढरा

दोन डॉक्टर, दोन मतं. आम्हाला तर एकाच धाग्यात एकाचे दोन दिसायला लागले.

निसर्गोपचारी

एवढ्या महागड्या तपासण्या करण्यापेक्षा आपल्या पूर्वजांचे उपाय बघा. रात्री पायाच्या तळव्यांना गाईच्या तुपाने काशाची वाटी फिरवा, त्राटक करा, नसा मोकळ्या होतात. माझ्या ओळखीतल्या एकाला अडीच महिन्यांत फरक पडला.

चौकसबुद्धी

अडीच महिन्यांत? म्हणजे काजळरेघ म्हणतात तो तीन महिन्यांचा आपोआप बरं होण्याचा काळच की. वाटीला श्रेय देताना तेवढं वजा करा.

निसर्गोपचारी

तुमची श्रद्धा नसेल तर करू नका.

संत्रानगरी

काशाची वाटी जरूर फिरवा, झोप छान लागते. पण सीटी अँजिओच्या रांगेत बसून फिरवा.

दर्याकिनारी

विषय थोडा बाजूला नेतो, पण पापणीचाच आहे. आई ३१ वर्षं रायगड जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होती. पावसाळ्यात पहाटे कुणी "रात्री पोटात दुखायला लागलं आणि आता डोळे उघडत नाहीत" म्हणून आलं की ती डॉक्टर येण्याआधी सलाईन लावायची आणि विचारायची, "खाली झोपला होतात का?" मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला, आणि दंश इतका बारीक की बऱ्याचदा खूण सापडत नाही, दुखतही नाही. मग दोन्ही पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, बोलणं बोबडं होतं आणि शेवटी श्वास.

एका बाईला घरच्यांनी आधी देवऋष्याकडे नेलं होतं, कारण साप कुणी पाहिलाच नव्हता. ती बाई वाचली, पण सहा दिवस श्वासाच्या यंत्रावर.

आई सांगायची, दोन्ही पापण्या एकदम पडल्या तर नसेपेक्षा विषाचा विचार आधी. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांबद्दल ती फार आदराने बोलायची. विंचूदंशावर प्राझोसिन वापरून त्यांनी किती जीव वाचवले ते कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आईने शेजाऱ्यांना पेढे वाटले, जणू घरचंच कुणी.

वाटसरू_नाशिक

दर्याकिनारी, अवांतर अजिबात नाही. नाग आणि मण्यार यांचं विष नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर हल्ला करतं, म्हणून वरून पाहता तिसरी नस गेल्यासारखं दिसतं. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. साप दिसला नाही म्हणून ती देण्यात उशीर करू नये.

त्याच सांध्याचा दुसरा आजार मायस्थेनिया. सकाळी पापणी ठीक, संध्याकाळी खाली. आज उजवी, पुढच्या आठवड्यात डावी. दोन दिसणंही येतं-जातं. बाहुलीला त्यात कधीच काही होत नाही. आम्ही मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी ठेवतो. पापणी दोन मिलिमीटर तरी वर आली तर संशय पक्का होतो.

माळावरचं_घर

माझ्या जावेला हेच निघालं! दीड वर्ष सगळे म्हणत होते "संध्याकाळी कामाच्या वेळी बरी हिची पापणी पडते." सासूबाईंनी नंतर तिची माफी मागितली. मनातल्या मनात मागितली असावी, उघड नाही.

पिंपळपान

आमच्या मुलीची गोष्ट लिहिते, कुणाला उपयोगी पडेल. सव्वा वर्षाची असल्यापासून मान उजव्या खांद्याकडे कलवून बघायची. सगळ्यांना गोड वाटायचं, फोटोत तर फारच. मग कुणीतरी म्हणालं मान आखडली आहे. वर्षभर फिजिओथेरपी केली, ती रडायची, आम्ही रडायचो, मान काही सरळ होईना.

शेवटी एका बालनेत्रतज्ज्ञांनी काय केलं, तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावली आणि हातात खेळणं दिलं. पाच-दहा मिनिटांत मान सरळ! मी बघतच राहिले. मानेला काही झालंच नव्हतं. डावी चौथी नस जन्मापासून कमजोर होती, दोन चित्रं जुळवायला ती मान कलवत होती. एक डोळा झाकल्यावर जुळवायचं कारणच उरलं नाही. पावणेचार वर्षांची असताना स्नायूचं ऑपरेशन झालं. आता शाळेच्या फोटोत ती एकटी सरळ असते, बाकीची वाकडी.

लाल_डबा_चालक

बालवाडीतल्या पोरीचं आणि माझं दुखणं एकच निघालं म्हणायचं. मी एसटीत ड्रायव्हर होतो. २०१६ ला मोटरसायकलवरून पडलो, हेल्मेट होतं तरी डोकं आपटलं. आठवड्याने जिना उतरायला लागलो तर एका पायरीच्या दोन पायऱ्या, एकीवर एक, आणि दुसरी जराशी तिरकी. ताटातली भाकरी दोन. वर बघितलं की ठीक. समोर बघितलं की बहुतेक ठीक. खाली बघितलं की गोंधळ. डॉक्टरने मान डावीकडे वाकवायला लावली, फरक जास्त. उजवीकडे वाकवली, दोनाचं एक झालं. म्हणाले, डावी चौथी.

सहा महिने रजा. खात्याला पटवणं अवघड गेलं, बाहेरून माणूस धडधाकट दिसतो ना. पण दोन दिसत असताना स्टिअरिंग धरायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. मला कुणी न सांगता कळलं, कारण डेपोच्या आवारात एक गाडी लावताना दोन खांब दिसले आणि मी भलत्याच खांबाला वाचवलं.

काजळरेघ

काका, "भलत्याच खांबाला वाचवलं" हे मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे, परवानगी द्या.

चौथी फार नाजूक. मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूने निघणारी ही एकटीच, आणि कवटीच्या आतला प्रवास सगळ्यांत लांब हिचा, म्हणून डोक्याच्या माराने दुखावते. हिच्या स्नायूची दोरी एका कप्पीवरून जाते, विहिरीवरची कप्पी असते तशी. त्यामुळे तो डोळा खाली नेतो आणि थोडा फिरवतोही. म्हणून पायरी वरखाली दिसते आणि तिरकीही. मोठ्या माणसात अशी तक्रार आली की मी जुने फोटो मागवते, लग्नाचा अल्बम, शाळेचा ग्रुप फोटो. वीस वर्षांपूर्वीच्या फोटोतही मान कललेली असेल तर दुखणं जुनं, उगाच घाबरायचं नाही.

चौकसबुद्धी

म्हणजे लग्नात नवरा मान कलवून उभा होता तो लाजून नव्हे तर.

दुधी_भोपळा

धागा खाली जाऊ नये म्हणून माझाही अनुभव. २६ व्या वर्षी सहावी. वजन ८८, सतत डोकेदुखी, कानात नाडीचा सूं-सूं आवाज, वाकून चप्पल घातली की क्षणभर अंधार. मधुमेह वगैरे काही नाही. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून मागचा पडदा बघितला तर दोन्ही नसांना सूज. कवटीच्या आतला दाब वाढला होता. एमआरआय स्वच्छ निघाला, पाठीतून पाणी काढून दाब मोजला. गोळ्या आणि १४ किलो वजन कमी, आठ महिन्यांनी सगळं ठीक. मुरुमांसाठी मी ज्या गोळ्या घेत होते त्यांनीही दाब वाढू शकतो असं कळलं, त्या बंद केल्या.

वाटसरू_नाशिक

दुधी भोपळा, म्हणूनच मी तरुण माणसाची सहावी कधी थांबून बघत नाही. सहावी कवटीच्या तळावरून चढत जाऊन एका हाडाच्या कडेवरून वळते. दाब कुठूनही वाढला तरी ओढ तिच्यावर येते. दुखणं एकीकडे आणि बोट दाखवते ती दुसरीकडे. लहान मुलांत, चिडचिड, ताप आणि उलट्यांबरोबर डोळा आत वळला तर क्षयाचा मेंदूज्वर आम्ही आधी तपासतो.

सोनटक्का_८१

गणपतीतली एक गंमत. २१ पत्री निवडताना वहिनीने डोळा चोळला. तासाभराने एक बाहुली ताटलीएवढी! संत्रानगरींच्या आत्यांसारखंच काहीतरी, असं समजून आम्ही आरती सोडून पळालो. डॉक्टरांनी पापणी बघितली, डोळा चहूकडे हलवून बघितला, सगळं ठीक. मग विचारलं, "पत्रीत धोत्रा होता का?" धोत्र्याचा रस डोळ्यात गेला होता. चार दिवसांनी बाहुली आपोआप लहान झाली.

काजळरेघ

अगदी. नुसती बाहुली मोठी, पापणी आणि हालचाल उत्तम, माणूस हिंडता-फिरता, तर बहुधा थेंब किंवा झाडाचा रस. तरी पळालात ते बरोबरच केलंत, हे ठरवायचं काम घरच्यांचं नाही. आणि सुमारे पाचातल्या एका माणसाच्या बाहुल्या जन्मतःच किंचित लहानमोठ्या असतात. आज आरशात बघून मला मेसेज करू नका, प्लीज.

माळावरचं_घर

उशीर झाला. माझी उजवी मोठी आहे.

हरवलेली_किल्ली

२०२१ च्या मे महिन्यात माझ्या काकांची पापणी पडली होती. कोविडमधून घरी येऊन दहा दिवस झाले होते, स्टेरॉइडमुळे साखर ४०० च्या वर. आधी गाल सुन्न, दात दुखतोय म्हणाले, नाकातून काळपट पाणी. आम्ही दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. पापणी पडली तेव्हा काळी बुरशी (म्युकर) डोळ्यापर्यंत पोचली होती. अॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी तीन जिल्हे फिरलो. डोळा काढावा लागला. काका वाचले.

साखर वाढलेल्या माणसाला "मधुमेहाची नस आहे, तीन महिन्यांत सुधारेल" म्हणताना नाक आणि गालही विचारा, एवढंच.

काजळरेघ

हे मी माझ्या पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतं. धन्यवाद.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

बरेच दिवसांनी येतोय, सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. हरवलेली_किल्ली, तुमचा वाचल्यावर ते बराच वेळ गप्प होते.

आज नऊ आठवडे झाले. एमआरआय आम्ही केला. वाटसरूंचं ऐकून नाही, आईला झोप येईना म्हणून. स्वच्छ निघाला. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ९.८ टक्के होती. आता दोन्ही वेळचं जेवण आईच्या वहीत लिहिलं जातं. पहिले काही आठवडे डोळ्यावर काळी पट्टी होती, पण "चाच्यासारखा दिसतो" म्हणून ते ती लावायला तयार नव्हते. मग चष्म्याच्या डाव्या काचेला आतून अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली. बाहेरून कुणाला कळत नव्हतं, दोन दिसणं बंद. ही युक्ती कुणालाही द्या. लहान मुलांना मात्र विचारल्याशिवाय नको, डोळा आळशी होतो असं आम्हाला सांगितलं.

आता डोळा जवळजवळ पूर्ण बाहेर जातो. अगदी टोकाला डावीकडे बघितलं तरच दोन. त्याची परीक्षा ते रोज सकाळी स्टँडवर जाऊन घेतात. कालचा निकाल: कोरेगाव, एकच गाडी.

तांबडा_पांढरा

अभिनंदन! जागा मिळाली का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नाही. कंडक्टर म्हणाला, मागे सरका.